मुरलेली की शिजलेली? नागपुरात जुनी बिअर ठेवायची आणि चाखायची कशी

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तशी बिअरही मुरते. पण सगळ्या बिअर मुरत नाहीत, आणि नागपुरातल्या माळ्यावर तर कुठलीच नाही. माळ्यावर बिअर शिजते. जुन्या बाटलीतून आलेली गडद, गोडसर चव मुरल्याची आहे की उन्हाळ्यात भाजल्याची, हे जिभेला कळायला लागलं की निम्मं काम झालं. बाकीचं फ्रीज, थर्मोस्टॅट आणि धीर यांवर.

बिअरवाल्यांचा ३-३०-३०० असा एक ठोकताळा आहे. ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस किंवा ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेल्या बिअरचा ताजेपणा साधारण सारखाच जातो. आता नागपूरचा हिशेब करा. मेअखेरीस पारा दुपारी ४५ ला टेकतो आणि पहाटेही ३० च्या खाली यायला कुरकुरतो. नवतप्याचे ९ दिवस ३२ अंशांचेच धरले, तरी फ्रीजमधल्या ९०० दिवसांएवढे, म्हणजे जवळपास अडीच वर्षांचे भरतात. यावर एखाद्याला सुचतं, ‘मग नऊ दिवस माळ्यावर ठेवून अडीच वर्षांची मुरलेली बिअर मिळवू की!’ तसं होत नाही. बिअरमध्ये एकाच वेळी अनेक रासायनिक क्रिया चालतात आणि उष्णतेने त्या सगळ्या सारख्या वेगाने वाढत नाहीत. गरमीत ओल्या पुठ्ठ्याचा आणि करपलेल्या साखरेचा वास पुढे धावतो. मनुका-अंजिराची गोलाई मागेच राहते.

कुठली बिअर ठेवावी

चार गोष्टी बिअरला तारतात: अल्कोहोल, उरलेली माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, गोडी, आंबटपणा आणि बाटलीतलं जिवंत यीस्ट. यातल्या किमान दोन हव्यात. अल्कोहोल ८-९ टक्क्यांच्या वर असलं तर बरं. इंपीरियल स्टाउट (काळी, कडक), बार्ली वाइन (नाव वाइनचं, पण बिअरच), ओल्ड एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर), बेल्जियमच्या गडद स्ट्राँग एल ही ठेवण्याजोगी घराणी. ९ टक्क्यांची शिमे ब्ल्यू आणि ११.३ टक्क्यांची रोशफोर १० ही त्यांतली ठळक नावं. इंग्लंडमध्ये १९६८ साली पहिल्यांदा निघालेली थॉमस हार्डीज एल तर पंचवीस वर्षं टिकेल असं सांगूनच विकली गेली. फुलर्सची ८.५ टक्क्यांची व्हिंटेज एल १९९७ पासून दरवर्षी निघते, त्यामुळे वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या ओळीने चाखायला ती सोयीची. कमी अल्कोहोलच्या बिअरमध्ये अपवाद दोनच: ६.२ टक्क्यांची ऑर्व्हाल, कारण तिच्यात ब्रेटानोमायसीस हे हळू काम करणारं यीस्ट असतं. आणि आंबट ग्यूझ, जी एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक, म्हणजे हवेतल्या रानटी यीस्टने आंबवलेल्या बेल्जियन बिअर, मिसळूनच बनते.

आपल्याकडच्या दुकानात मिळणारी ‘स्ट्राँग’ बिअर ठेवू नका. लेबलवर ८ टक्क्यांपर्यंतचा आकडा दिसतो म्हणून पुष्कळजण फसतात. ती गाळलेली, पाश्चराइज केलेली, अंगाने पातळ लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली बिअर, असते. मुरण्यासारखं माल्ट तिच्यात नसतंच. वर्षभराने पुठ्ठा आणि अल्कोहोलची जळजळ तेवढी उरते. आयपीए, गव्हाची बिअर, पिल्सनर ताज्याच प्याव्यात. मायक्रोब्रुअरीतून ग्राउलरमध्ये, म्हणजे पुन्हा भरायच्या मोठ्या बाटलीत, आणलेली बिअर दोन-तीन दिवसांत संपवावी. कॉफी घातलेली स्टाउटही ठेवू नये: वर्ष-दीड वर्षात कॉफीचा सुगंध उडतो आणि त्या जागी कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येऊन बसतो.

एकाच बॅचच्या किमान तीन बाटल्या घ्या. एक लगेच उघडून नोंद करायची, एक दीड-दोन वर्षांनी, तिसरी त्या दोघींचं बघून. एकच बाटली चार वर्षं जपली तर चौथ्या वर्षी ती कशातून कशी बदलली हे सांगायला काहीच हाती नसतं. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ड्युटी न भरता २ लिटर मद्य आणता येतं. ३३० मिलीच्या ६ बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, अगदी मापात. सहाही एकाच बिअरच्या आणायचा मोह होत नाही हे खरं, पण दोन प्रकारच्या तीन-तीन आणाव्यात, सहा प्रकारची एकेक नको.

पुण्या-मुंबईहून गाडीने आणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. बाटल्यांचं बिल, परवाना आणि बाळगण्याची मर्यादा यांची खात्री निघण्याआधी करा. दुसरं, उन्हात उभ्या गाडीची डिकी माळ्यापेक्षा वाईट. आणायच्याच तर डिसेंबरात आणा.

ठेवायची जागा

आदर्श तापमान १० ते १३ अंश, वर्षभर सारखं. नागपुरात तळघर असलं तरी उन्हाळ्यात ते इतकं थंड राहत नाही आणि कूलरच्या खोलीत तर दमटपणाने लेबलं सुटतात. तेव्हा दोनच मार्ग आहेत.

सोपा मार्ग म्हणजे घरच्या फ्रीजचा खालचा भाजीचा खण. तिथे साधारण ६ ते ८ अंश असतात, अंधार असतो. बिअर तिथे सावकाश मुरते, पण बिघडत नाही. दहा-बारा बाटल्यांसाठी एवढं पुरे. उगाच खर्चात पडू नका.

दुसरा मार्ग जुना एकदारी, डायरेक्ट कूल फ्रीज आणि त्याला बाहेरून थर्मोस्टॅट. एसटीसी-१००० हा छोटा कंट्रोलर यासाठी सर्रास वापरतात. फ्रीजचा प्लग कंट्रोलरच्या कूलिंगच्या सॉकेटमध्ये, फ्रीजचा स्वतःचा नॉब सर्वांत थंडवर, म्हणजे चालू-बंद करणं पूर्णपणे कंट्रोलरच्या हाती. एफ१ मध्ये १२ अंश, एफ२ मध्ये १ अंशाचा फरक, एफ३ मध्ये ५ मिनिटांचा विलंब ठेवा. हा विलंब शून्याजवळ आणू नका. वीज गेली-आली की कॉम्प्रेसर दाबाखालीच सुरू व्हायला बघतो आणि जळतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडलं की लगेच फ्रीज सुरू होतो. तो पाण्याने भरलेल्या बाटलीला बाहेरून टेपने चिकटवा आणि वर थर्मोकोलचा तुकडा लावा, म्हणजे तो हवेचं नाही, बाटलीचं तापमान वाचेल. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि मे महिन्यातल्या व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लावा. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज गेल्यावर थंडावा जास्त वेळ टिकतो.

तयार वाइन कूलर घेणार असाल तर आधी आत कॉम्प्रेसर आहे की नाही ते विचारा. कॉम्प्रेसरशिवाय चालणारे थर्मोइलेक्ट्रिक कूलर बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात. ४० अंशांच्या खोलीत ते आतून २० च्या वर राहतात आणि चोवीस तास घरघरतात. कॉम्प्रेसरवाल्यातही क्लायमेट क्लास बघा. ‘एन’ म्हणजे खोली ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. नागपूरसाठी ‘टी’च.

बाटल्या उभ्याच ठेवा. आडव्या बाटलीत बिअरचा हवेशी लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि गाळ अंगाला चिकटतो. ग्यूझच्या कॉर्कवाल्या बाटल्या बेल्जियममध्ये आडव्या मुरवतात, पण चार-पाच वर्षांसाठी त्याही उभ्या चालतात. मानेला मास्किंग टेपची पट्टी लावून तीवर बाटलीत भरल्याची तारीख, घेतल्याची तारीख आणि घरी येण्याआधी ती कुठे होती ते लिहा. शेवटचा रकाना लोक गाळतात. दुकानाच्या काचेच्या कपाटात दोन उन्हाळे काढलेली बाटली आणि थेट थंड गोदामातून आलेली बाटली यांचं लेबल सारखंच असतं.

जीभ तयार करणं: एका लागरचे चार हाल

महागडी जुनी बाटली उघडण्याआधी हा स्वस्तातला प्रयोग करा. हिरव्या बाटलीतली साधी लागर, एकाच तारखेच्या चार बाटल्या. दोन फ्रीजमध्ये. तिसरी मेच्या मध्यापासून दोन आठवडे माळ्यावर, जाड कापडात गुंडाळून झाकणाच्या बादलीत, कारण उष्णतेने आतला दाब वाढतो आणि बाटली फुटू शकते. चौथी सकाळच्या उन्हात तासभर, तीही कोणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही अशी. मग चारही चोवीस तास फ्रीजमध्ये.

माळ्यावरची ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हा वास ट्रान्स-२-नोनेनाल या द्रव्याचा. लिटरमागे एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग असला तरी नाकाला कळतो. उन्हातल्या बाटलीचा वास वेगळाच, उग्र, जळक्या रबराकडे झुकणारा. प्रकाशाने हॉप्समधली (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांमधली) कडू द्रव्यं तुटून गंधकयुक्त संयुग तयार होतं, त्याचा हा वास. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी अडवत नाही. हे दोन्ही वास म्हणजे बिघाड, वय नव्हे. एकदा ओळखले की कधी विसरत नाहीत.

चाखताना त्रिकोणी चाचणी घ्या. दुसऱ्या कुणीतरी तीन ग्लास भरायचे, दोनांत तीच बिअर, एकात वेगळी. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर ‘किती बदललीय’ वगैरे बोलणं लेबल वाचून चाललेलं असतं. अनुभवी मंडळींचीही इथे दांडी गुल होते.

वासांची ताटली

परदेशी पुस्तकांत जुन्या बिअरला शेरी, मदेरा या वाइनसारखी म्हणतात. ज्याने शेरी चाखलेली नाही त्याला याचा उपयोग काय? आपल्या किराण्यातली ताटली लावा. लहान वाट्यांत चमचाभर कोमट पाण्यात भिजवलेली खारीक, काळी मनुका, सुकं अंजीर, थोडी काकवी, चिंचेचा कोळ, दोन थेंब सोया सॉस, ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा. वर बशी झाका, १५ मिनिटांनी बशी उचलून लगेच वास घ्या. यात वाळलेली मोहफुलं जरूर ठेवा. मनुका, काकवी आणि किंचित रानटी आंबूस असा त्यांचा एकत्र वास चार-पाच वर्षांच्या बार्ली वाइनच्या इतका जवळ जातो की विदर्भातल्या माणसाला शेरीची गरजच नाही.

चाखायचा दिवस

डिसेंबर-जानेवारीची संध्याकाळ निवडा. खोली विशीत असते, बिअर ग्लासात हळूहळू तापते. मे महिन्यात तुम्ही नोंद लिहीपर्यंत ती कोमट होते.

बाटल्या दोन दिवस आधी जागेवरून न हलवता उभ्या राहू द्या. गाळ बसतो. उघडायच्या चार-पाच तास आधी ६-८ अंशांवर न्या. थंड बिअर कमी उसळते. ओतताना १० च्या आसपास आणि पिताना १२ ते १४ अंश हवेत. फ्रीजमधून काढून ४ अंशांवर चाखली तर जुन्या बिअरचं सगळं श्रेय बर्फाला जातं.

ग्लास लहान ब्रँडीचा किंवा वाइनचा, तोंडाशी निमुळता. खायच्या सोड्याने धुऊन पालथा वाळवा, फडक्याने पुसू नका. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास तेलकट आहे.

३३० मिलीच्या बाटलीतले तळाचे ३० मिली सोडले तर ३०० उरतात, पाच जणांना ६० मिली. पाचही ग्लास ओळीत ठेवा आणि बाटली एकदा कलली की पुन्हा सरळ न करता सगळे भरा. दर ग्लासाला सरळ केली की गाळ ढवळला जातो. मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरला की गाळाची रेघ पुढे सरकताना दिसते, तिथे थांबा. तळाचं वेगळ्या ग्लासात घेऊन शेवटी एक घोट चाखा. त्याला मटणाच्या अळणी रश्श्यासारखी चव आली तर यीस्ट मरून विरघळायला लागलंय आणि उरलेल्या बाटल्यांना फार दिवस नाहीत.

सालवार चाखताना ताजी आधी, जुनी शेवटी. उलटंही करतात, पण ताजीचं माप जिभेवर असल्याशिवाय जुनीत काय गेलं हे कळत नाही. आंबट बिअर या रांगेत घालू नका. तिच्यानंतर बाकी सगळं पचपचीत लागतं. चार सालं पुरेत. १० टक्क्यांची २४० मिली म्हणजे शुद्ध अल्कोहोल २४ मिली, व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगाच्या जवळपास. तेव्हा गाडीची चावी घरीच.

मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या किंवा पाव. सावजी नंतर. तर्रीची जीभ पुढचा तासभर काही सांगत नाही. सगळं चाखून झाल्यावर संत्रा बर्फीचा तुकडा जुन्या बार्ली वाइनबरोबर घेऊन बघा. ही जोडी मात्र चुकवू नये.

वास तीनदा घ्या: ओतल्याबरोबर, १५ मिनिटांनी, अर्ध्या तासाने. पहिल्या वासात अल्कोहोल पुढे असतं, तिसऱ्यात बहुतेक वेळा बिअरचं खरं वय कळतं.

काय बदलतं

सगळ्यांत आधी हॉप्सचा सुगंध जातो, काही महिन्यांतच. मग कडूपणा उतरतो. तो देणाऱ्या आयसो-अल्फा आम्लांमध्ये ट्रान्स प्रकार लवकर मोडतो, सिस बराच टिकतो. म्हणून कडूपणा एकदम न जाता आधी बोथट होतो. प्रत्यक्षात साखर वाढलेली नसते, पण कडूपणा हटल्यामुळे बिअर गोड लागते. ही गोष्ट नोंदीत नेहमी चुकते.

केळ्याचा वास देणारं एस्टर हळूहळू तुटतं. लवंगेचा वास ओसरतो आणि त्याच द्रव्यापासून व्हॅनिलाकडे जाणारा गोड वास येतो. बेल्जियन गडद एल दोन-तीन वर्षांत केळं-लवंगेपासून खारीक-अंजिराकडे सरकतात ते यामुळे. शिजवलेल्या सफरचंदाचा, फळांच्या पाकाचा वासही वयाबरोबर वाढतो.

इंपीरियल स्टाउटमध्ये पहिल्या वर्षी अल्कोहोलची जळजळ निवते. दोन ते चार वर्षांत भाजका तिखटपणा चॉकलेटकडे वळतो, मनुका येतात. पुढे सोया सॉस डोकावतो. एका थेंबाएवढा असेल तर खोली देतो, त्याहून जास्त झाला की बिअर पाणचट आणि खारट भासते. तिथून परतीची वाट नाही.

ऑर्व्हालचं गणित वेगळं. लेबलवर बाटलीत भरल्याची तारीख असते. ताजी असताना हॉप्स आणि कोरडा कडूपणा. सहा महिन्यांनंतर ब्रेटानोमायसीस उरलेली साखर खात जातं आणि चामडं, गोठा, वाळलेलं गवत असे वास वर येतात. जुनी ऑर्व्हाल गोड होत नाही, आणखी कोरडी होते, फेसही वाढतो. तिच्यात मनुका-काकवी जाणवली तर ती मुरलेली नाही, तापलेली आहे.

मुरलेली आणि शिजलेली यांतला फरक घोटाच्या शेवटी सापडतो. मुरलेलीत गोडी, सुकामेवा आणि उरलेला कडूपणा एकत्र विरतात. शिजलेलीत सुरुवात छान कॅरमलची होते, मग मधे पोकळी, आणि गिळल्यावर पुठ्ठा आणि खरखरीत रेंगाळणारा कडूपणा.

बिघाड

बाटली उघडताच फेस उसळून बाहेर आला तर बाटली हलली होती, गरम होती, किंवा आत भलतेच जंतू शिरून साखर खात होते. वास घ्या. आंबट नसावी ती बिअर व्हिनेगरसारखी असेल आणि मानेत आतून पांढरट कडं दिसत असेल, तर तिसरं कारण. शंका असेल ती बाटली मोरीत, ओल्या फडक्याखाली, झाकण थोडं थोडं सैल करत उघडा.

अगदीच फेस नाही? झाकणातून वायू सुटला. झाकणाच्या कडेला बऱ्याचदा गंज असतो अशा वेळी. बार्ली वाइनला हे माफ आहे, ग्यूझला नाही.

कॉर्क तुटला तर तुकडे आत ढकलून चहाच्या गाळणीवर दुहेरी मलमल ठेवून गाळा. गाळताना हवा मिसळते, तेव्हा अशी बाटली लगेच प्या आणि नोंदीत तसं लिहा.

उरलेल्या बाटल्यांचं काय

चाखून झाल्यावर त्याच रात्री, बाटल्या उचलण्याआधी ठरवा. ताजीपेक्षा जुनी आवडली आणि तळाच्या गाळात रश्श्याची चव नाही: उरलेल्यांतली एक वर्षभराने. जुनी आवडली, पण पुठ्ठ्याची चाहूल आहे: याच हिवाळ्यात संपवा, कारण ती चाहूल कमी होत नाही. ताजीच जास्त आवडली: ठेवणं थांबवा आणि पुढच्या वेळी ताजी विकत घ्या. निर्णय त्याच मास्किंग टेपवर लिहा, महिन्यासकट. महिना फेब्रुवारीच्या पुढचा लिहू नका.